अकराशे खोकी आणि एक चिठ्ठी

रविवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी कवळीवाले बाराव्या गोणीचं तोंड सुतळीनं आवळत होते. गोणीत जबडे होते. प्लास्टरचे, पांढरे आणि पिवळट, वरचे आणि खालचे, तेवीस वर्षांत याच खोलीत ओतलेले. एकेक जोडी पुठ्ठ्याच्या एकेका खोक्यात. खोक्यावर नंबर, जबड्याच्या तळाला पेन्सिलीनं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, आत कामाची चिठ्ठी. अशी अकराशे चाळीस खोकी दोन भिंतींना छतापर्यंत लागलेली होती, आणि सोमवारी सकाळी आठला भंगाराचा ट्रक येणार होता.

भंगार उचलणाऱ्या कंपनीच्या बाईनं फोनवर दिलेल्या सूचना कवळीवाल्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरून घेतल्या होत्या. एक गोणी एका माणसाला उचलता आली पाहिजे, पंधरा किलोच्या वर नको. प्लास्टर वेगळं, लोखंड-पितळ वेगळं, पुठ्ठा चपटा करून वेगळा. बाटलीतलं काहीही घेणार नाही. जिना मोकळा हवा, सामान दाराशी हवं, गाडी पंधरा मिनिटं थांबते. त्यांनी जिन्याचं वळण मापलं, ते चौऱ्याहत्तर सेंटीमीटर भरलं. घासणीच्या मशीनचं टेबल अठ्ठ्याहत्तर होतं. म्हणून शनिवारी टेबलाचे पाय सोडवले आणि स्क्रू एका डबीत घालून डबी पायालाच चिकटपट्टीनं बांधली. भंगारात जायचं असलं तरी. घरचा वजनकाटा आणून प्रत्येक गोणी त्यावर चढवली. चौथी साडेपंधरा भरली, तर तिच्यातून तीन जबडे काढले.

त्यांची कामाची रीत अशी आहे. एकोणिसाव्या वर्षी ते एका लॅबमध्ये प्लास्टर कालवायला लागले, बत्तिसाव्या वर्षी स्वतःची खोली घेतली आणि पुढे अकरा डॉक्टरांचं काम करत राहिले. डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवणार, हे त्यात प्लास्टर ओतून जबडा काढणार, त्या जबड्यावर कवळी बसवणार. दात लावताना ते एखादा दात मुद्दाम केसभर वाकडा ठेवत. ‘सगळे सरळ लावले की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं,’ असं त्यांचं म्हणणं. आता वय पंचावन्न. अकरा डॉक्टरांचे तीन झाले, तिनाचा एक झाला, आणि पुढच्या आठवड्यापासून ते एका मोठ्या लॅबमध्ये दुसऱ्याच्या टेबलावर बसणार आहेत.

बायको स्टुलावर चढून खोकी खाली देत होती. ती नाव वाचायची, ते जबडे गोणीत टाकायचे, पुठ्ठा पायानं चपटा करायचे. दोघांचा हात बसला होता.

‘पुढचं?’ ते म्हणाले.

वरून काही आलं नाही.

‘अगं, झोपलीस की काय? पुढचं दे.’

बायकोनं खोकं दिलं नाही. ती खोकं घेऊन स्टुलावरून उतरली आणि त्यांच्यासमोर धरलं. सहाशे बारा नंबर. आत जबड्याच्या तळाला मुख्याध्यापिकांचं नाव.

सात वर्षं कवळीवाल्यांची खात्री होती, की हे खोकं रागाच्या भरात त्यांनीच फेकून दिलं. ते टेबलाशी बसले. आत वरचा जबडा, खालचा जबडा, मधे मेणाचा तुकडा आणि चार घड्या घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर होतं: ‘चावा पुढे आलाय. परत घ्यावा.’ खाली दुसऱ्या शाईत, घाईत, तिरकं: ‘वेळ नाही. आहे तसं करा.’ त्याखाली डॉक्टरांची सही.

याचा अर्थ असा. तोंडात दात नसलेल्या माणसाला ‘चावा’ म्हटलं की तो हमखास खालचा जबडा पुढे काढून चावतो. डॉक्टरनं ते ओळखून जबडा मागे घ्यायला लावायचा असतो. नाही लावला, तर मेणावर चुकीचा चावा उमटतो, आणि त्यावर केलेली कवळी तोंडात नाचते. मुख्याध्यापिकांची नाचली. कुठे, तर शाळेतल्या निरोपाच्या भाषणात. तिसऱ्या वाक्याला खालची कवळी उसळली, टेबलावर पडली, आणि आठशे पोरं हसली.

दुसऱ्या दिवशी बाई तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी कवळीवाल्यांना बोलावून घेतलं आणि पेशंटनी भरलेल्या बाकांसमोर त्यांना झाडलं. ‘ह्या माणसानं घोळ घातलाय, बाई. मी ह्यांना माफी मागायला लावतो.’ आणि लावली. कवळीवाल्यांनी खाली मान घालून माफी मागितली, कारण या धंद्यात एक नियम आहे: लॅबवाला पेशंटशी बोलत नाही. पेशंट डॉक्टरचा. लॅबवाल्यानं डॉक्टरला ओलांडून पेशंटला एक शब्द सांगितला, की गावातला एकही डॉक्टर त्याला ठसा पाठवत नाही. त्यांनी नियम पाळला. ठसे येणं तरीही बंद झालं.

मुख्याध्यापिका मागच्याच गल्लीत राहतात. आधी भेटल्या की थांबून चौकशी करायच्या. त्या दिवसापासून त्यांना लांबून पाहिलं की रस्ता ओलांडतात. धंदा बसल्याचं कवळीवाल्यांना जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं होतं. आणि बायकोनं तर त्या डॉक्टरच्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. भाजी आणायलासुद्धा ती मोठा वळसा घालून जाते.

‘उद्या जाऊन त्याच्या तोंडावर फेका,’ बायको म्हणाली.

‘फाडून टाकेल.’

‘मग बाईंना द्या.’

‘त्या दार तरी उघडतील का?’

त्यांनी चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली. मग उठून लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात हात घातला आणि एक निळं खोकं काढलं. त्यावर नंबर नव्हता. आतला जबडा त्याच डॉक्टरांचा होता, त्यांचा स्वतःचा. पुढचे चार दात नाहीत. दवाखान्याच्या पाटीवर जे हसू रंगवलंय, त्यातले मधले चार कवळीवाल्यांनी याच टेबलावर लावलेले आहेत, आणि हे तिघांशिवाय कोणाला माहीत नाही.

‘हा शेवटी फोडायचा,’ ते म्हणाले. ‘सगळं बांधून झाल्यावर. निवांत.’ आणि जबडा ॲप्रनच्या खिशात टाकला.

चार वाजून दहा मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली. पंधरा गोण्या झाल्या होत्या. दारात डॉक्टर उभे होते, तोंडावर मास्क. सात वर्षांत ते या खोलीत आले नव्हते.

बायकोनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि खोक्याचा पुठ्ठा इतक्या जोरात चपटा केला, की धूळ उडाली.

‘तुमचा मेसेज पाहिला,’ डॉक्टर म्हणाले. मेसेज कवळीवाल्यांनी अकराही जुन्या डॉक्टरांना पाठवला होता: ज्यांना आपल्या पेशंटचे जबडे हवेत त्यांनी रविवारपर्यंत न्यावेत, सोमवारी भंगारात जातील. ‘म्हटलं, आपला तो... माझा तो साचा...’

शब्द नीट फुटत नव्हते. स, त, थ सगळे वाऱ्यावर निघून जात होते. कवळीवाल्यांच्या कानानं ते पहिल्या वाक्यात टिपलं.

‘मास्क काढा बघू.’

डॉक्टरांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग काढला. पुढे काळी खिडकी पडली होती.

‘सकाळी बेसिनवर धूत होतो. जाळी काढलेली होती. गेले.’

‘नळवाल्याला बोलवायचं.’

‘आणि काय सांगायचं? डॉक्टरचे दात अडकलेत?’

‘गल्लीभर झालं असतं,’ बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली. ‘बरं झालं नाही बोलावलंत.’

डॉक्टरांची अडचण खरी होती. सोमवारी संध्याकाळी दंतवैद्यांच्या सभेत ते अध्यक्ष होणार होते, अर्ध्या तासाचं भाषण होतं. नवा ठसा घ्यायला दुसऱ्या डॉक्टरकडे जावं, तर शहरातले सगळे दुसरे डॉक्टर त्याच सभेत समोर बसणार. जुना साचा मिळाला तर दोन-तीन तासांत दातांची नवी प्लेट होते. आणि जुना साचा जगात एकाच खोलीत होता.

‘असेल इथेच,’ कवळीवाले म्हणाले. ‘चार गोण्यांचं सामान राहिलंय त्या भिंतीला. शोधा.’

‘मी?’

‘आमचे हात गुंतलेत. उद्या आठला गाडी आहे.’

‘खोक्यावर नंबर असेल ना?’

‘तुमच्या खोक्यावर नंबर टाकू नका असं तुम्हीच सांगितलं होतंत. तळाला पेन्सिलीनं असेल. एकेक उघडायचं, तळ वाचायचा, आपला नसला तर प्लास्टर गोणीत, चिठ्ठी पिशवीत, पुठ्ठा चपटा करून तिकडे. पंधरा किलो झाले की थांबायचं. काटा तो.’

बायकोनं ओठ आत ओढून धरले. डॉक्टर पँट गुडघ्याशी वर ओढून फरशीवर बसले.

एक तास वीस मिनिटं ते बसले. साधारण दोनशे चाळीस खोकी. पहिल्या वीस मिनिटांत शर्टाच्या बाह्या पांढऱ्या झाल्या. चाळीस मिनिटांनी त्यांनी पाणी मागितलं. बायकोनं दिलं, पण ज्या स्टीलच्या भांड्यात ब्रश बुडवून ठेवत त्या भांड्यात. धुऊन दिलं होतं, एवढं तिच्या बाजूनं नोंदवायला हवं. मधे एकदा डॉक्टरांनी सोळावी गोणी काट्यावर चढवली आणि सुतळी बांधली.

‘ही गाठ सुटेल,’ कवळीवाले म्हणाले. ‘परत बांधा.’

त्यांनी परत बांधली.

‘हे काय आहे, कोणाचे दात आहेत हे, असे वाकडे?’ डॉक्टर एक जबडा उलटसुलट करत म्हणाले. त्यांना बोलून वेळ घालवायचा होता.

‘तुमच्याच पेशंटचे. तुम्हीच पाठवलेले. तेव्हा पाठवायचात.’

डॉक्टरांनी पुढचं खोकं उघडलं. कवळीवाले टेबलाचे खण रिकामे करत राहिले. दर चार-पाच मिनिटांनी त्यांचा हात ॲप्रनच्या खिशाकडे जायचा आणि आतलं प्लास्टर बोटाला लागलं की परत यायचा. हा त्यांच्या आयुष्यातला अत्यंत समाधानाचा तास होता, असं त्यांनी नंतर बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, एकच तास?

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी एकोणिसावी गोणी भरली. भिंत मोकळी झाली होती. डॉक्टर कमरेवर हात ठेवून कसेबसे उठले.

‘नाहीये इथे.’

‘नाही कसा? हा काय.’ कवळीवाल्यांनी खिशातून जबडा काढून तळहातावर धरला.

डॉक्टरांना कळायला तीन-चार सेकंद लागले. मग चेहरा कानापर्यंत लाल झाला.

‘तुमच्या खिशात होता? आणि मला दीड तास...’

‘एक तास वीस मिनिटं,’ बायको म्हणाली. ‘मी बघत होते.’

‘हा छळ आहे. द्या तो इकडे.’

ते पुढे सरकले. कवळीवाल्यांनी हात उघड्या फरशीच्या वर आडवा धरला, छातीच्या उंचीला.

‘सांभाळून, डॉक्टरसाहेब. हातातून निसटलं तर काय, दोष लॅबवाल्याचाच.’

डॉक्टर जागच्या जागी थांबले. प्लास्टर फरशीवर पडलं तर काय होतं ते दोघांनाही माहीत होतं.

‘काय हवंय तुम्हाला?’

कवळीवाल्यांनी मानेनं टेबलाकडे खूण केली. डॉक्टर काचेवर वाकले. चिठ्ठी वाचायला फार वेळ लागत नाही, दहा शब्द आणि एक सही. त्यांनी ती दोनदा वाचली.

‘सात वर्षं झाली,’ अखेर ते म्हणाले.

‘मला माहितीये किती झाली.’

‘कोणालाही आठवत नसेल आता.’

‘बाई रस्ता ओलांडतात,’ कवळीवाले म्हणाले. एवढंच. आवाज चढवला नाही. ‘त्यांना फोन लावा. आत्ता. मोठ्या आवाजावर टाका. चावा चुकीचा तुम्ही घेतलात आणि मी लिहून कळवलं होतं, एवढं सांगायचं. मग मी दात बनवतो.’

‘आणि नाही लावला तर?’

‘तर सभेत मास्क लावून भाषण करा.’

‘प्रदूषणाबद्दल बोलतील,’ बायको म्हणाली.

डॉक्टरांनी खिडकीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. मग विचारलं, ‘नंबर?’ नंबर कवळीवाल्यांना पाठ होता. सात वर्षांत त्यांनी तो एकदाही लावला नव्हता.

पाचव्या घंटीला पलीकडून आवाज आला. ‘कोण?’

डॉक्टरांनी नाव सांगितलं, मग सांगायचं ते सांगितलं. मधे दोनदा अडखळले. ‘कळवलं होतं’ हे शब्द त्यांनी इतके हळू म्हटले, की कवळीवाल्यांनी तळहात जरासा तिरपा केला. डॉक्टरांनी ते परत म्हटले, मोठ्यांदा.

पलीकडून प्रश्न आला: ‘तुमचे पुढचे दात कुठे गेले?’

‘अं?’

‘त, थ, स. तिन्ही गळताहेत. मी चाळीस वर्षं पोरांचे उच्चार सुधारले, मला शिकवू नका. पडले का?’

बायकोनं तोंडावर पदर धरला. डॉक्टर म्हणाले, ‘हो. तात्पुरते.’

‘कवळीवाले तिथेच उभे असतील. तुम्ही आपण होऊन फोन करणारे नाही. आहेत ना?’

‘आहे, बाई,’ कवळीवाले म्हणाले. पेशंटशी कामाबद्दल ते पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होते. ‘चिठ्ठी माझ्याकडे आहे. सहीसकट.’

‘तेव्हाही होती?’

‘होती.’

‘मग मला का नाही दाखवली?’

‘आमच्यात पेशंटशी बोलायचं नसतं, बाई. डॉक्टरांना ओलांडून नाही जाता येत.’

‘असला कसला नियम? मी सात वर्षं भाताच्या पेजेवर काढली. एका माणसाला उगाच दूषणं दिली. आणि तुम्ही नियम पाळत बसला होतात.’ श्वास घेतल्याचा आवाज आला. ‘तुमच्याशी मी वेगळं भांडणार आहे.’

‘भांडा,’ कवळीवाले म्हणाले. बायकोनं पाहिलं तर ते हसत होते. सात वर्षांत बाईंनी त्यांच्यासाठी उच्चारलेली ही पहिली वाक्यं होती.

‘डॉक्टर, फोनवरची माफी मी शाळेतसुद्धा घेत नसे,’ पलीकडचा आवाज पुढे म्हणाला. ‘ज्या वर्गात चूक केली, त्याच वर्गात उभं राहून कबूल करायची. तुम्ही ह्यांना कुठे झाडलंत? बाकांसमोर. उद्या उघडता किती वाजता?’

‘साडेदहा. पण उद्या माझी...’

‘मी साडेदहाला येते.’ आणि फोन बंद झाला.

डॉक्टरांनी मास्क चढवला. ‘झालं तुमच्या मनासारखं? आता प्लेट किती वाजता मिळेल?’

‘आज करून ठेवतो. टेबल सोडवलं तरी मशीन अजून जोडलेलं आहे. उद्या साडेदहाला मीच घेऊन येतो, दवाखान्यात.’

‘साडेदहाला? म्हणजे आधी नाही?’

‘आधी बोलून घ्या. मग दात.’

‘बाकांसमोर असा बोलू? निदान मास्क तरी...’

‘मास्क नको,’ बायको म्हणाली. ‘बाईंना उच्चार नीट ऐकायचे असतील. आणि मीही येणार आहे. त्या गल्लीत बऱ्याच दिवसांत गेले नाही.’

डॉक्टरांनी तिच्याकडे, मग कवळीवाल्यांच्या तळहाताकडे पाहिलं. जबडा अजून तिथेच होता. दयामाया कुठेच दिसेना, तेव्हा ते शर्ट झटकत जिन्याकडे निघाले.

‘थांबा,’ कवळीवाले म्हणाले. ‘आधी मेसेज करा. तुमच्या काउंटरवरच्या बाईंना: साडेदहाला मुख्याध्यापिका, पावणेअकरा मोकळं. माझ्यासमोर.’

डॉक्टरांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून मेसेज केला आणि फोनचा पडदा त्यांच्याकडे वळवला. कवळीवाल्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, वाचला आणि मान हलवली. मग टेबलाशी जाऊन दिवा लावला, डॉक्टरांचा जबडा पाण्यात भिजत घातला आणि दातांच्या पेटीतून रंग जुळवायला घेतला.

‘ह्यांचाही एखादा वाकडा लावणार का?’ बायकोनं विचारलं.

‘नाही,’ कवळीवाले म्हणाले. ‘ह्यांचे सगळे सरळ.’

दवाखान्याच्या सोमवारच्या यादीत साडेदहाला पहिलं नाव मुख्याध्यापिकांचं आहे. त्याखालची पावणेअकराची ओळ मोकळी ठेवलेली आहे, आणि बाक भरलेले असावेत म्हणून अकरानंतरच्या सहा पेशंटना फोन करून साडेदहालाच यायला सांगितलेलं आहे. ते सहा फोन कवळीवाल्यांच्या बायकोनं काउंटरवरच्या बाईंना सांगून करवून घेतले.